अंगठ्यामागचा हात

१९९४ सालातली गोष्ट. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेची कर्जं तेव्हा जोरात होती. म्हशीसाठी कर्ज, शेळ्यांसाठी कर्ज, शिलाई मशीनसाठी कर्ज. बाईच्या नावावर कर्ज निघालं की उद्दिष्टाच्या रकान्यात आकडा चांगला दिसे. त्यामुळे शाखेत बायका येत. खरं म्हणजे आणल्या जात.

अशीच एक बाई नवऱ्याबरोबर आली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. कर्ज म्हशीचं. मी नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, कर्ज तुम्हाला हवंय ना? हप्ते तुम्ही भरणार ना?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिला काय इचारता साहेब? अंगठा कुठं द्यायचा त्येवढं सांगा." बाईनं हात पुढे केला. मनगट सुजलेलं होतं आणि काकणाच्या वर काळंनिळं वळ होतं. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना तिला कळ आली आणि हात मागे गेला. तेव्हा नवऱ्यानं तिचा हात धरला आणि अंगठा कागदावर दाबला. एक, दोन, तीन, जिथं जिथं हवा तिथं. प्रत्येक अंगठ्याखाली मी लिहिलं, 'माझ्यासमक्ष', आणि सही केली.

कागद चोख होता. पुढे तपासणी झाली तेव्हाही त्या प्रकरणात कुणी चूक काढली नाही. चूक होती ती माझी होती, आणि ती कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती. अंगठा बाईचा होता, हात दुसऱ्याचा होता, आणि साक्ष माझी होती.

चार-पाच वर्षांनी तीच बाई एकटी आली. कपाळ मोकळं. नवरा गेला होता. 'टीबीनं' असं गावात सांगत होते. तेव्हा बऱ्याच घरांत तसंच सांगत. खात्याचे कागद करता करता मी विचारलं, अंगठा देता की सही शिकलात? ती किंचित हसली आणि म्हणाली, "साहेब, मालकाला पुण्याच्या दवाखान्यात नेलं हुतं, तिथं बी एक बाई माझा अंगठा मागत हुती. रगत तपासायचं, धा सवाल इचारायचे, कसली तरी माहिती गोळा करायची म्हणली. लई गोड बोलत हुती. पर म्या न्हाई दिला." मी विचारलं, का हो? ती म्हणाली, "तवा मालक जित्ते हुते न्हवं."

हे वाक्य मी इतकी वर्षं विसरलो नाही. मी कादंबऱ्या लिहितो, पण एवढ्या पाच शब्दांत एवढं सगळं सांगणं मला कधी जमलेलं नाही. नवरा मरणाच्या दारात आहे, त्याच्याच आजाराची चौकशी चालली आहे, ती चौकशी कदाचित तिचा जीव वाचवू शकेल. आणि तरी ती नाही म्हणते, कारण तो अजून जिवंत आहे. खाटेवर पडलेल्या माणसाचाही धाक उरतो.

आपल्याकडे घरातल्या मारहाणीबद्दल लिहिलं जातं, एड्सबद्दलही लिहिलं जातं. पण या दोहोंच्या मध्ये एक अंधारी जागा आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती जागा म्हणजे संशोधनाची. औषध कुणावर तपासलं, आकडा कुणाला विचारून काढला, आणि कोण विचारायला सापडलीच नाही, हा आजचा प्रश्न आहे. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचण्याचा हा विषय नाही, हे मला कळतं. पण ज्या घरांत हा विषय आहे त्या घरांना रविवारचीही सुट्टी नसते.

जरा मागे जाऊ. भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळली. महाराष्ट्राला पुढे त्याची मोठी झळ बसली. ऑक्टोबर १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'नारी' असा होतो. आता त्या संस्थेचं नाव बदललं आहे, पण हा योगायोग मला नेहमी बोलका वाटत आला. कारण त्या काळी समज असा होता की हा आजार 'तसल्या' बायकांचा आणि 'तसल्या' पुरुषांचा. घरातल्या बाईचा त्याच्याशी काय संबंध?

१९९७ साली पुण्यातल्या संशोधकांचा एक निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि हा समज मोडीत निघाला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची त्यात पाहणी होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये निम्म्या बाधित निघाल्या, हे अपेक्षित होतं. पण ज्यांनी तो व्यवसाय कधी केला नव्हता अशा ३९१ स्त्रियांमध्येही १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांत बहुतेक जणी लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाला न ओळखणाऱ्या. त्यांनी केलेलं 'धाडस' एकच होतं, ते म्हणजे लग्न. शीर्षकातच लिहिलं होतं की हा प्रसार एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमधला आहे.

हा निबंध फार मोलाचा होता. पण बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाईट खोड असते. आकडा दिसला की तो विचारतो, यात कोण नाही? पुण्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलेल्या त्या ३९१ जणी. त्यांना घरून निघता आलं, बसभाडं मिळालं, तास-दोन तास रांगेत उभं राहता आलं, आणि कागदावर होकार देता आला. ज्यांना उंबरठाच ओलांडता आला नाही, त्यांचा आकडा किती? तो कुठल्याच निबंधात असू शकत नाही. यात संशोधकांचा दोष नाही. जो आलाच नाही त्याला मोजणार कसं?

आता दुसरा आकडा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांचं रक्त एच.आय.व्ही.साठी तपासलं गेलं, आणि त्याच पाहणीत बायकांना नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही विचारलं गेलं. त्यातल्या २८,१३९ विवाहित स्त्रियांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नवऱ्याकडून मारहाण झाली आणि शरीरसंबंधाची जबरदस्तीही झाली, त्यांच्यात लागणीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं. ज्यांना यातलं काहीच सोसावं लागलं नव्हतं त्यांच्यात ०.१९ टक्के. वय, शिक्षण, पैसाअडका यांचा हिशेब वजा करूनही फरक जवळजवळ चौपट उरला. पुढच्या वर्षी पती-पत्नींच्या जोड्या घेऊन केलेल्या अभ्यासानं कारण आणखी स्पष्ट केलं. मारणारा नवरा बाधित असण्याची शक्यता जास्त, आणि बाधित नवरा मारणारा असेल तर त्याच्या बायकोला लागण होण्याची शक्यताही जास्त. जी 'नाही' म्हणू शकत नाही, ती 'निरोध वापर' असं तरी कुठल्या तोंडानं म्हणणार?

म्हणजे जिला धोका सर्वांत जास्त तीच दवाखान्यापासून सर्वांत लांब. हे गणित उलटं आहे आणि ते सरळ करायला फार कमी लोक बसले आहेत.

माझी एक भाची आरोग्याच्या पाहण्यांमध्ये घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचं काम करते. तिच्याकडून मला या कामाची आतली बाजू कळली. ती म्हणते, "मामा, नकार म्हणजे दार लावून घेणं, असं तुम्हाला वाटतं. तसं क्वचितच होतं. बाई पाणी देते, चहा विचारते, आणि म्हणते, ह्यांना विचारून सांगते. तिथंच संपतं." कुणी दुसऱ्या भेटीला घरी नसते. कुणी रक्त देते आणि निकाल न्यायला येत नाही. कुणी तीन महिने नियमित येते आणि चौथ्या महिन्यात सुटते. वहीत शेरा पडतो, 'संपर्क नाही'. त्या दोन शब्दांच्या मागे काय घडलं हे वही विचारत नाही.

बँकेत आमच्याकडे थकबाकीदारांचे दोनच वर्ग असत. ज्याची ऐपत नाही तो, आणि ज्याची दानत नाही तो. तिसरा वर्ग आम्ही कधी केला नाही. जिचं पासबुक नवऱ्याच्या खिशात आहे ती. संशोधनाच्या वहीतही हा तिसरा वर्ग नाही. बाईचं नाव 'अनिच्छुक' किंवा 'अनियमित' या सदरात जातं. तिची इच्छा कुणी विचारलेली नसते आणि तिचा नियम तिच्या हातात नसतो.

धाक नेमका कुठे कुठे आडवा येतो ते पायरी पायरीनं पाहिलं पाहिजे. पहिली पायरी निघण्याची. 'कुठं गेली होतीस' या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे. दुसरी पायरी कागदाची. संशोधनात सहभागी झाल्यावर बाईला माहितीपत्रक देतात, त्यावर संस्थेचं नाव असतं, दूरध्वनी असतो. हा कागद ठेवायचा कुठे? पत्र्याच्या पेटीत, तांदळाच्या डब्यात, की देवाच्या फोटोमागे? तिसरी पायरी निकालाची. पुष्कळ घरांत बाईची तपासणी आधी होते, कारण गरोदरपणात तिचं रक्त तपासलं जातं. त्यामुळे घरात आजाराची बातमी तिच्या नावानं येते. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी 'तूच आणलीस' हे ठरायला वेळ लागत नाही. मग मार, मग माहेर, आणि पुष्कळदा माहेरचंही दार बंद. चौथी पायरी औषधाची, पाचवी पुन्हा पुन्हा येण्याची, आणि सहावी खरं सांगण्याची.

या सहाव्या पायरीवर जगातले नामवंत शास्त्रज्ञही घसरले आहेत. २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत ५,०२९ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. निरोगी स्त्रीनं रोज एक गोळी घेतली किंवा एक जेल वापरलं तर लागण टळते का, हे पाहायचं होतं. स्त्रिया दर महिन्याला येत आणि 'घेते' म्हणत. त्यांच्या सांगण्यावरून हिशेब केला तर नियमितपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्ष रक्त तपासलं तेव्हा जेमतेम तीस टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं. कोट्यवधींची चाचणी निष्फळ ठरली. नंतर त्याच स्त्रियांशी निवांत बोलणं झालं तेव्हा अनेक कारणं निघाली. आणि त्यांत एक होतं घरातलं. गोळ्यांची बाटली जोडीदाराला सापडली तर? 'तुला रोग आहे', 'तुझं बाहेर कुणी आहे', यांतलं एक ऐकावं लागणार. म्हणून बाटली लपली आणि गोळी राहिली. औषध निकामी होतं की घर निकामी होतं, हे त्या चाचणीला सांगताच आलं नाही.

२०२४ साली याच्या अगदी उलट बातमी आली. वर्षातून फक्त दोनदा घ्यायच्या एका इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर झाली. ज्या २,१३४ जणींना ते दिलं त्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही. औषधाचा गुण तर आहेच. पण सुई टोचून झाल्यावर घरी न्यायला काही उरत नाही, लपवायला काही उरत नाही, हाही त्याचा एक गुण आहे. बाईच्या घराचा विचार करून केलेलं औषध आणि न करता केलेलं औषध यांतला फरक यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणतातही, की मग मार खाणाऱ्या बायकांना संशोधनात घेऊच नये. त्यांच्या जिवाला घोर कशाला? हा विचार दयाळू वाटतो, पण मला तो पटत नाही. याचा अर्थ असा होतो की औषधं सुखी घरांतल्या बायकांवर तपासायची आणि दुःखी घरांतल्या बायकांना ती लागू पडतील अशी आशा करायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे १८ ते ४९ वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रातली चौथी बाई वगळून तुम्ही कोणतं शास्त्र लिहिणार? आणि हा आकडा 'सांगितल्याचा' आहे. त्याच पाहणीत असंही दिसतं की हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्यांचा आवाज भिंतीच्या आतच राहिला.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. निष्काळजीपणानं तिला संशोधनात ओढली तर संशोधनच तिच्या पाठीवर पडतं. भाची एक प्रसंग सांगत होती. एका अभ्यासातल्या बाईनं दोनदा तारीख चुकवली. नव्या कार्यकर्त्यानं उत्साहानं थेट घर गाठलं आणि ओसरीवरच्या सासऱ्याला विचारलं, 'सूनबाई तपासणीला का आल्या नाहीत?' तो बिचारा आपलं कर्तव्य करत होता. बाई त्यानंतर कुठल्याच तारखेला आली नाही. चौकशीला गेलेल्या बायकांना शेजारणीनं एवढंच सांगितलं, 'तिला लई मारलं वो.'

हे टाळता येतं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं घरातल्या हिंसेच्या अभ्यासासाठी नियम घालून दिले, आणि ते वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी आपल्या वाड्यात राहून लिहिले आहेत. एका घरातल्या एकाच बाईला विचारा, म्हणजे घरात चर्चा होणार नाही. विचारताना दुसरं कुणी नको. पाहणीला मारहाणीचं नाव देऊ नका, आरोग्याचं द्या. मध्येच सासू किंवा नवरा आला तर विषय बदला. भाची म्हणते, "आम्ही लगेच मुलांच्या लसींवर येतो. बाईलाही कळतं. तीसुद्धा मोठ्यानं लसींच्या तारखा सांगायला लागते." दोन बायकांमधला हा न बोलता झालेला करार मला फार आवडला. आपल्या राष्ट्रीय पाहणीतही एकांत मिळाला नाही तर हे प्रश्न विचारायचेच नाहीत, असा दंडक आहे.

कायदाही आता बाईच्या बाजूनं बोलतो. एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात तपासणीला, उपचाराला आणि संशोधनालाही त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती लागते असं म्हटलं आहे. तिची, तिच्या नवऱ्याची नव्हे. आणखी एक कलम मला विशेष वाटतं. बाधित व्यक्तीच्या जोडीदाराला डॉक्टरांनी कधी सांगावं याचे नियम देताना कायदा म्हणतो की सांगितल्यामुळे हिंसा होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, सांगू नये. संसदेनं केलेल्या कायद्यात बाईच्या भीतीला 'रास्त' म्हटलं आहे. आपल्या घराघरांत ही भीती अजून 'नखरे' म्हणून ओळखली जाते.

असो. आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण दूरच्या गोष्टी ऐकून हळहळणं सोपं असतं.

नगर जिल्हा म्हणजे एका नावाखाली दोन जिल्हे. उत्तरेला कालव्यांचं पाणी, ऊस आणि कारखाने. १९५० सालापासून प्रवरानगरचा धूर साऱ्या देशाला दिसतो आहे. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचा कोरडा मुलूख, जिथून दसरा-दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हाती. बाई मोळ्या बांधते, गाडी भरते, पहाटे स्वयंपाक करते. पण हिशेबात ती अर्धा कोयता. मी उचलीचे हिशेब पाहिलेले आहेत. त्यात बाईचा वेगळा रकाना मला कधी दिसला नाही.

आता या बाईला संशोधनात घ्या. सहा महिने ती गावात, सहा महिने फडात, पाचटाच्या कोपीत. दर महिन्याची तारीख तिनं पाळायची कुठे? एक दिवस खाडा केला तर मुकादमाचा दंड, आणि दंड झाला की नवऱ्याचा हात. तिच्या नावापुढे 'अनियमित' लिहिणं सोपं आहे. पण अनियमित ती नाही, तिचं सगळं जगणं दुसऱ्यांच्या नियमांनी इतकं घट्ट बांधलेलं आहे की तिथं एका जादा नियमाला जागाच नाही.

याच जिल्ह्यानं या प्रश्नाचं अर्धं उत्तरही केव्हाच देऊन ठेवलं आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. या बायका बाळंतपणं करू लागल्या, आजार ओळखू लागल्या, आणि सरपंचासमोर उभं राहून बोलू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभर झालं. पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही होती की गावातल्या बाईला आपलं दुखणं सांगायला गावातलीच एक बाई मिळाली. तिला कोणत्या घरात केव्हा जावं हे ठाऊक असे. कुणाचा नवरा बाजारच्या दिवशी पिऊन येतो हेही ठाऊक असे. नगर शहरात १९८९ साली सुरू झालेल्या स्नेहालयानं चित्रा गल्लीतल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जे काम उभं केलं, त्याचा पायाही हाच होता. आधी विश्वास, मग तपासणी.

संशोधनाला या शहाणपणाची गरज आहे. फार मोठा खर्च लागतो असं नाही. बाईशी एकटीशी बोलण्याची खोली हवी. पडदा नव्हे, खोली. घरी पत्र किंवा माणूस पाठवण्याआधी तिला विचारायला हवं, 'तुम्हाला निरोप कसा द्यायचा?' पहिल्याच दिवशी. कागद घरी न्यायचा नसेल तर तो केंद्रातच ठेवता आला पाहिजे. बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते, ती मिळालीच पाहिजे, पण ती रोख हवी की खात्यावर, हे तिनं ठरवावं. कारण खातं तिच्या नावाचं आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. केंद्रात मारहाण ओळखू शकणारी समुपदेशक हवी आणि तिच्याकडे तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नुसता नंबर नव्हे, ओळख हवी. कौटुंबिक हिंसेचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे, आणि नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क तो बाईला देतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. तो निवृत्त प्राध्यापकच का असावा? एखादी आशाताई, एखाद्या बचत गटाची अध्यक्ष का नको? तिथं बसून ती एकच प्रश्न विचारील, 'ह्या गोळ्या ती ठेवील कुठं?' आणि तो प्रश्न लाखमोलाचा असेल.

आणि अधेमधे सोडून जाण्याचा हक्क. ती सोडून गेली तर कारण विचारा, पण उत्तराचा आग्रह धरू नका. तिच्या नावापुढे 'संपर्क नाही' लिहिण्याआधी तिसरा रकाना करा. 'घरातल्या भीतीमुळे येऊ शकली नाही.' असा रकाना असला तर निदान पुढच्या अभ्यासाला कळेल की आपण कुणाला गमावलं.

पुरुषांचं काय? काही जण म्हणतात, नवऱ्याला विश्वासात घेतल्याशिवाय आपल्याकडे काही होत नाही. यात तथ्य आहे. गावोगाव पुरुषांशी बोललंच पाहिजे, त्यांचीही तपासणी व्हायला हवी. लागण बहुधा त्यांच्यामार्फत घरात येते. पण विश्वासात घेणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. बायकोच्या रक्तावर नवऱ्याची सही मागणारा डॉक्टर आणि बायकोचा अंगठा नवऱ्याच्या हातानं उमटवून घेणारा बँक अधिकारी, हे दोघं एकाच शाळेत शिकलेले असतात. त्या शाळेतला मी माजी विद्यार्थी आहे, म्हणून सांगतो.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २००४ सालापासून सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही.ची औषधं मोफत मिळू लागली. वेळेवर घेतली तर माणूस भरपूर जगतो, संसार करतो, मूलही निरोगी होतं. नव्या लागणी कमी झाल्या. तरी देशात सुमारे पंचवीस लाख माणसं या विषाणूसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. पुढची औषधं, पुढच्या लसी, पुढच्या पाहण्या याच माणसांच्या सहभागातून येणार आहेत. आणि त्यांत बायकांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे.

ती बाई पुन्हा मला भेटली नाही. खातं बंद करून ती भावाकडे राहायला गेली असं कळलं. तिला लागण होती की नव्हती, मला माहीत नाही. तिनं त्या दिवशी पुण्यात अंगठा दिला असता तर कदाचित तिला वेळेत कळलं असतं. कदाचित रात्री घरी मारही बसला असता. दोन्ही शक्यता खऱ्या होत्या, आणि त्यांतून निवड करण्याचं ओझं त्या एकटीच्या डोक्यावर होतं. गोड बोलणारी ती दुसरी बाई तिला बाजूला घेऊन एवढं विचारती, 'घरी त्रास होईल का?', तर ओझं निम्मं झालं असतं. मीही १९९४ साली तेवढंच विचारायला हवं होतं. नवऱ्याला म्हणायला हवं होतं, 'तुम्ही जरा बाहेर बसा.'

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या एका मुलीचं नाव आता त्याला आहे. ती विधवा झाली, आणि पुढे तिनं राज्य चालवलं, खजिन्याचा हिशेब स्वतः पाहिला, हुकूम स्वतः दिले. तिचं नाव पाटीवर लिहिताना आपल्याला अभिमान वाटतो. त्याच तालुक्यातली एखादी बाई उद्या दवाखान्यात कागदावर अंगठा टेकवील. तेव्हा समोर बसलेल्या माणसानं अंगठ्याच्या ठशाकडे पाहण्याआधी मनगटाकडे पाहावं. ते सुजलेलं असेल, तर कागद बाजूला ठेवावा आणि आधी दार लावून घ्यावं.